मामीचं घड्याळ

इस्रायलमध्ये, लोदला, आमच्या इमारतीत कुणाची विजेची शेगडी तापेनाशी झाली, की वरच्या मजल्यावरचे मोझेसमामा येऊन आधी तिला कान लावत. मग घरच्या बाईकडे बघून निकाल देत, "ॲब्सोल्यूट निग्लिजन्स!" मुंबईत ते ट्रामच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र ही लहानमोठी ट्रामच, अशी त्यांची ठाम समजूत.

आमची शेगडी त्यांनी दोन तास खोलली. अकरा स्क्रू काढले, नऊ परत बसवले, उरलेले दोन "हे उगाच घातलेत" म्हणून माझ्या हातावर ठेवले. तेवढ्यात माझ्या बायकोला, डायनाला, प्लग भिंतीतून निघालेला दिसला. "मी काय सांगितलं? निग्लिजन्स!" म्हणत मामा चहा पिऊन गेले.

हिवाळ्यात मामी गेली. उन्हाळ्यात एका शुक्रवारी मामांनी पहिल्यांदाच आम्हाला जेवायला बोलावलं. नारळाच्या दुधातली कोंबडी स्वतः रांधली होती. आठ वाजता झाकण काढलं आणि आमची धाकटी हिब्रूत ओरडली, "कार!" म्हणजे गार. दोन्ही भाषांचं एकमत झालं. अख्ख्या इमारतीच्या डॉक्टरांचीच शेगडी थंड! मला कोण आनंद झाला.

शुक्रवारी सूर्य मावळताच शब्बात, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंतचा विसावा, लागला की स्विचला वा विस्तवाला हात लावायचा नाही, म्हणून इथं शेगडीला घड्याळ जोडतात. ठरल्या वेळी वीज आपोआप बंद होते. मामांचं घड्याळ सातलाच वीज तोडत होतं. हिवाळ्यात पाचला अंधार पडतो, सातच्या आत जेवणं उरकतात, तेव्हा ते ठीक, पण उन्हाळ्यात सातला तर ऊन असतं, जेवायला आठ वाजतात.

"मामा, ॲब्सोल्यूट निग्लिजन्स!" म्हणत मी घड्याळाकडे हात नेला.

"हात लावू नको! शब्बात हाय."

दर शब्बातला बाल्कनीत लपून सिगारेट ओढणाऱ्या माणसाची ही भक्ती! मी म्हणालो, "मग उद्या रात्री फिरवा."

"नाय फिरवायचं." मामा ताटाकडे बघत राहिले. "तुझ्या मामीनं लावलेलं हाय ते."

मला माझीच लाज वाटली. डायना म्हणाली, "मामा, कोंबडी गारच बरी लागते." आणि तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली.

पुढच्या शुक्रवारपासून आम्ही मामांकडे सहालाच, लख्ख उजेडात जेवायला बसू लागलो. कोंबडी वाफाळलेली असायची. सातला घड्याळ खट्‌ करी. मामा हात धुवायला उठत आणि म्हणत, "चला, हिचं झालं."