टेलरच्या मापाची सीट

सायकलच्या सीटचा दांडा वाकला तेव्हा टेलर त्याच सीटवर बसलेला होता, त्यामुळे 'हे कुणी केलं' हा प्रश्न घरात फार वेळ टिकला नाही.

दांडा म्हणजे सीटच्या खाली असते ती नळी, सायकलच्या सांगाड्यात आत जाणारी. सीट वर हवी तर तो वर ओढायचा, खाली हवी तर आत दाबायचा, मग बोल्ट आवळायचा. एवढं सोपं. पण घरात सायकल एक आणि बसणारी माणसं दोन, आणि त्यातली बायको नवऱ्यापेक्षा चांगली सात बोटं उंच. हे आख्ख्या गल्लीला दिसायचं. फक्त टेलरला दिसायचं नाही.

"आम्ही दोघं सारखेच आहोत," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "ती केस वर बांधते, म्हणून वाटतं तसं."

लग्नाच्या फोटोत तो स्टुलावर उभा होता. फोटोवाल्याने स्टूल कापून टाकलं, पण टेलरची आई ते अजून विसरलेली नाही.

लग्नानंतर बायकोने त्या दांड्यावर खिळ्याने दोन खुणा केल्या होत्या. खालची तिची, वरची त्याची. त्याची खूण अगदी सीटच्या बुडाशी होती, म्हणजे सीट सांगाड्याला टेकते तिथेच. टेलरने दुसऱ्याच दिवशी कानस घेऊन स्वतःची खूण घासून टाकली आणि तेव्हापासून तो बायकोच्या खुणेवर सायकल चालवायचा. पाय पेडलला पोचायचे, पण अंगठ्यापुरते. डावं पेडल खाली गेलं की तो आख्खा डावीकडे, उजवं गेलं की आख्खा उजवीकडे. थांबायचं असलं की त्याला एखादा खांब, एखादा कट्टा, नाहीतर ओळखीचा माणूस लागायचा.

त्या गुरुवारी समोर नव्याने राहायला आलेल्या माणसाने सहज विचारलं, "वहिनींची सायकल का?"

झालं. टेलर खाली उतरला आणि सीट बायकोच्या खुणेच्याही दोन बोटं वर ओढली. दांड्यावर 'याच्यावर ओढू नका' अशी एक रेघ असते. टेलरला ती आजवर नक्षी वाटत आली होती. पहिल्याच गतिरोधकावर दांडा कोपरासारखा वाकला.

बायको काज करत होती. तिने सायकल पाहिली, मग टेलरला पाहिलं, आणि सुई कापडात खोचून ठेवली.

"अहो, परवा शनिवार आहे."

"माहीत आहे गं."

"शनिवारी माझी परीक्षा आहे."

पोस्टात पत्रं वाटायची एक जागा निघाली होती. लेखी परीक्षेत ती पास झाली होती, आता सायकलची बाकी होती. स्वतःची सायकल आणायची, वीस पत्रं चाळीस मिनिटांत वाटायची, आणि सायकल मधेच बिघडली तर उमेदवार बाद.

"आठ वर्षं तुमची काजं-बटणं करतेय," ती म्हणाली. "आठ वर्षं हीच एक भिंत बघतेय. मला आता चार रस्ते बघायचेत. हे हुकलं ना, तर मी कुणाशी बोलणार नाही."

"म्हणजे माझ्याशी," टेलर म्हणाला.

"कळलं ना? मग नटबोल्टकडे जा. सायकल घेऊन जा. माप घेऊन जाऊ नका, सायकलच घेऊन जा."

आता सांगा, टेलरला कुणी असं बोलतं का? तीस वर्षं माप घेणारा माणूस तो. शिवाय सायकल नेली की नटबोल्ट विचारणार, एवढी वर कशाला ओढली होती? त्यापेक्षा माप बरं. टेलरने गळ्यातली टेप काढली, वाकलेल्या दांड्याला जिथे तो सरळ होता तिथे गुंडाळली आणि आकडा चिठ्ठीवर लिहिला. सव्वातीन इंच आणि वर एक सूत.

नटबोल्ट म्हणजे चौकातला सायकलवाला. तीन वर्षांपूर्वी टेलरने त्याला एक पँट शिवून दिली होती. ती कमरेला इतकी घट्ट झाली की नटबोल्टला बसून काम करता येईना. तो ती परत घेऊन आला तेव्हा टेलर मान वर न करता म्हणाला होता, "वापरा, वापरून सैल होईल." तेव्हापासून नटबोल्ट टेलरशी अगदी आदराने बोलायचा. इतक्या आदराने की भीती वाटावी.

"या टेलर. काय सेवा करू?"

"सीटचा दांडा हवाय. घेर सव्वातीन इंच."

"घेर?" नटबोल्टने हातातला पाना खाली ठेवला. "दांड्याचा घेर घेतलात तुम्ही? टेपने?"

"मग कशाने घेणार?"

"आम्ही त्याला जाडी म्हणतो. आणि ती मिलिमीटरमध्ये असते." त्याने मागे तारेला टांगलेले पंधरा-वीस दांडे दाखवले. सगळे सारखेच दिसत होते. "प्रत्येकावर आकडा आहे. ह्यात आणि ह्यात फरक किती? केसाएवढा. पण हा बसतो आणि हा सरकतो. सायकल कुठाय?"

"सायकल कशाला? माप आणलंय ना. नीट सांगायचं तर सव्वातीन आणि वर एक सूत भरलं होतं, पण ते सूत मी सोडलं."

"का सोडलं?"

टेलर हसला. अडाणी माणसाला समजावताना हसतात तसा.

"हे बघ. सायकलची नळी म्हणजे पँट. दांडा म्हणजे आतला माणूस. माणूस पँटीत एक सूत सैल बसला पाहिजे की नको? नाहीतर वाकताना उसवतं."

नटबोल्टने स्वतःच्या कमरेकडे पाहिलं.

"टेलर, लोखंड उसवत नाही. ते सरकतं. एकदा सांगतो, सायकल आणा, मी आतून माप घेतो."

"मला माप शिकवतोस? मला?"

हे वाक्य दुकानात जरा मोठ्याने घुमलं. नटबोल्टने उठून तारेवरून एक बारीकसा दांडा काढला, फडक्याने पुसला आणि दोन्ही हातांनी टेलरला दिला.

"न्या. थोडा सैल वाटेल सुरुवातीला. वापरा. वापरून घट्ट होईल."

परीक्षेचं मात्र टेलरने त्याला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर नटबोल्ट स्वतः येऊन बसवून गेला असता, कारण तो मनाने वाईट नव्हता. त्याला फक्त कमरेला त्रास झाला होता.

घरी टेलरने दांडा बसवला. तो नळीत असा गेला जसा दगड विहिरीत जातो. टेलरने तो परत वर ओढला, बायकोच्या उंचीला धरला आणि बोल्ट आवळला. मग आणखी आवळला. शेवटी पान्यावर चक्क उभा राहिला. बायकोने बसून पाहिलं, अंगणात दोन चकरा मारल्या.

"बसलाय की नीट," ती म्हणाली. तिला नवल वाटलं.

"माप कुणाचं आहे?" टेलर म्हणाला.

आतून आई म्हणाली, "स्टुलावर चढून घेतलं का रे?"

शनिवारी पोस्टासमोर तीन उमेदवार उभे होते. टेलरची बायको, एक चष्मेवाला तरुण आणि एक पैलवान. पैलवानाखाली सायकल खेळण्यासारखी दिसत होती. मोठे साहेब घड्याळ घेऊन पायरीवर उभे होते. रस्ता समोरचाच, सरळ. दोन्ही बाजूंना घरं आणि प्रत्येक फाटकाला पत्राची पेटी.

"पत्र पेटीतच पडलं पाहिजे. फेकायचं नाही. सायकल बिघडली तर बाद," साहेब म्हणाले. "चला!"

बायको झोकात निघाली. पाठ ताठ, मान वर. टेलर पोस्टाच्या भिंतीला टेकून कौतुकाने बघत होता. पहिली पेटी झाली, दुसरी झाली. तिसरीला मात्र टेलरने भिंतीचा टेका सोडला.

टेलरची एक सवय आहे. समोर माणूस आला की त्याच्या मनात आपोआप माप पडतं. बायकोच्या सीटपासून पेडलपर्यंतचं माप मघाशी तीस इंच होतं. आता साडेएकोणतीस.

"नाही," टेलर स्वतःशीच म्हणाला. "ती वाकली असेल."

पाचव्या पेटीला अठ्ठावीस. रस्त्यात एक छोटा खड्डा आला आणि सत्तावीस झाले. टेलर फुटपाथवरून धावायला लागला. बायको मधेच मागे वळून काहीतरी म्हणाली. काय ते ऐकू आलं नाही, पण लग्नाला आठ वर्षं झाली की ऐकू यावं लागत नाही. सव्वीस. पंचवीस. तिचे गुडघे वर वर यायला लागले, हँडलच्या बाजूने बाहेर निघाले, आणि सातव्या पेटीशी 'टक्' असा आवाज होऊन सीट सांगाड्याला टेकली. आता दांड्याला आणखी खाली जायला जागाच नव्हती.

ती बरोबर टेलरच्या उंचीला येऊन थांबली होती.

टेलर झाडामागे उभा राहून धापा टाकत होता. संपलं सगळं, त्याच्या मनात आलं. आठ वर्षांत हिने एकच गोष्ट मागितली, आणि आपण एक सूत सोडलं!

पण बायको उतरली नाही. उतरून काही होणारही नव्हतं. तिने दोन्ही पाय जमिनीला टेकवले. आरामात टेकत होते, सपाट. बसल्या जागेवरून हात लांब केला आणि पत्र पेटीत. पायाने एक रेटा, चार पेडलं, पुढची पेटी, पाय खाली, पत्र आत. बेडकासारखं दिसत होतं, पण बेडूक वेगात होता. तिकडे चष्मेवाला प्रत्येक पेटीशी उतरायचा, सायकल स्टँडवर लावायचा, पत्र टाकायचा, स्टँड काढायचा, परत चढायचा. पैलवान उतरताना दर वेळी सायकल पडायची आणि तो तिला उचलून तिची माफी मागितल्यासारखा पुसायचा.

बायको बाविसाव्या मिनिटाला परत आली. चष्मेवाला तेव्हा अकराव्या पेटीशी होता.

साहेब पायरीवरून खाली उतरले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मग सायकल पाहिली.

"मघाशी ही सीट वर होती ना?"

बायकोचा चेहरा लाल झालेला, गुडघे हँडलच्या बाहेर. तिने टेलरकडे पाहिलं. ओरडेल असं टेलरला वाटलं होतं. पण ती ओरडणार नव्हती, तिच्या डोळ्यांत भीती होती.

"सायकलचे मालक कोण?" साहेबांनी विचारलं. "सीट सरकली का? बिघाड आहे का काही?"

टेलर पुढे आला. 'हो, सरकली' म्हणावं तर बायको बाद. 'नाही' म्हणावं तर मग सीट खाली का आहे? पोस्टाचे सगळे लोक खिडकीत जमले होते. समोरच्या घरात नव्याने राहायला आलेला तो माणूसही पाकिटावर तिकीट चिकटवत तिथेच उभा. तो नसता तर जरा तरी बरं झालं असतं.

टेलरने घसा साफ केला.

"बिघाड नाही साहेब. ही सीट... इथेच असते. ही माझ्या उंचीची आहे."

"तुमच्या?"

"हो. मी बुटका आहे साहेब. ही माझ्यापेक्षा सात बोटं उंच आहे. सायकल घरात एकच आहे."

आठ वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं. खिडकीतून कुणीतरी "अरे वा" म्हणालं. बायकोने पदराने तोंड पुसलं, म्हणजे बहुतेक झाकलं. साहेबांनी मघाशी वर असलेल्या त्या सीटचं काय झालं ते पुन्हा विचारलं नाही, कारण तोवर त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं.

"बावीस मिनिटं," ते म्हणाले. "आमच्या लोकांना चाळीस लागतात. सारखे चढतात, उतरतात. बाई, सोमवारपासून या. आणि टेलर, तुम्ही जरा इकडे या. बसा सायकलवर. हां, असेच. पाय टेका. कुणीतरी हे माप लिहून घ्या रे!"

पुढच्या आठवड्यात पोस्टाच्या नऊच्या नऊ सायकली नटबोल्टच्या दुकानासमोर रांगेने उभ्या होत्या. वरून हुकूम आला होता. सगळ्यांच्या सीटा एकाच उंचीला, आणि दांड्यावर लाल रंगाने खूण. नटबोल्ट ब्रश घेऊन बसला होता. पहिला पोस्टमन आला आणि म्हणाला, "किती खाली?"

"टेलर," नटबोल्ट म्हणाला, आणि रेघ मारली.

गावात त्या उंचीला आता टेलरच म्हणतात. 'जरा टेलरवर घे', 'अर्धा टेलर वर कर'. नटबोल्टला सगळी हकीकत कळली तेव्हा तो स्वतः येऊन बायकोच्या सायकलला योग्य जाडीचा दांडा घालून गेला. न सरकणारा. दुसऱ्या दिवशी टेलरने नटबोल्टकडची ती जुनी पँट मागवून घेतली आणि कंबर दोन इंच सैल करून पाठवली. सोबत चिठ्ठी होती, 'वापरू नका. आधी घालून बघा.'

बायको रोज सकाळी साहेबांसमोर लाल खुणेवर बसून, गुडघे फाकवून निघते. कोपऱ्यावर वळली की उतरते, सीट सात बोटं वर घेते आणि ताठ मानेने रस्ते बघत जाते. परत येताना कोपऱ्यावर पुन्हा सीट खाली. हे एकट्या टेलरला माहीत आहे. गल्लीतल्या लोकांना ती दोघं सायकलवर आताशा अगदी सारखीच दिसतात.

परवा संध्याकाळी ती घरी आली. टेलरला बटणं आणायला बाजारात जायचं होतं. त्याने सवयीने पाना उचलला आणि सीट वर घ्यायला वाकला.

"राहू द्या," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "तुमच्याच मापावर आणलीय."

टेलरने इकडेतिकडे पाहिलं. समोरचा माणूस दारातच उभा होता. तरी टेलर बसला. आणि खांब नाही, कट्टा नाही, ओळखीचा माणूस नाही, तो आपल्याच दोन पायांवर, सायकलवर, नुसता थांबून राहिला.

"जा की आता," बायको म्हणाली.

"जातो गं. जरा थांबू दे."