यंत्राला आराम

मारोतराव लॅपटॉपचं बटण दाबून आंघोळीला जात. आंघोळ, पूजा आणि चहा आटोपून येईपर्यंत पडद्यावर ती गोल चकरी फिरतच असे. लॅपटॉप मुलाचा. पुण्याला जाताना त्यानं नवा घेतला आणि हा ‘बाबांना होईल’ म्हणून बेसा इथल्या घरी ठेवून गेला. मुलांकडून आईबापांकडे वस्तू येतात त्या अशाच, मरायला टेकलेल्या.

मारोतरावांना त्यावर आत्मचरित्र लिहायचं होतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्तीनंतर जुने सहकारी फोन करत, मग तेही थांबले. काही तर जगातूनच गेले. पंचाहत्तरीला पुस्तक छापायचं आणि उरलेल्यांना जेवायला बोलवायचं, असं त्यांनी ठरवलं.

"हे पुस्तक नाही निघालं, तर मी कोणी होतो हे कोणाले समजन?" ते एकदा म्हणाले.

"मले माहीत आहे ना," इंदुताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही.

शेवटी शेजारच्या श्रीधरला बोलावलं. तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि कोणाचाही जुना लॅपटॉप दिसला की त्याचे हात शिवशिवत.

"काका, याची हार्ड डिस्क गेली. पण फेकू नका. मी याच्यात लिनक्सची एक हलकी सिस्टम टाकून देतो. पेनड्राइव्हवरून चालते. एकदम फुकट."

"फुकट? कोणाची आहे?"

"कोणाचीच नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात."

"मालकच नाही? मंग बिघडली तर मेमो कोणाले द्याचा गा?"

श्रीधर हसून कामाला लागला. लॅपटॉप खरोखरच झटक्यात सुरू झाला. मारोतरावांना आंघोळीला जायलाही वेळ मिळाला नाही.

"फक्त एक ध्यानात ठेवा," जाताना श्रीधर म्हणाला. "तुम्ही लिहान ते सारं तात्पुरतं मेमरीत राहते, पेनड्राइव्हवर नाही. बंद करतानी हे विचारते, ठेवू का म्हणून. तिथं ‘येस’ म्हणायचं. नाहीतर सारं साफ."

पहिल्याच संध्याकाळी तो प्रश्न आला, तोही इंग्रजीत. इंग्रजीतून कोणी काही विचारलं म्हणजे ते विमा नाहीतर कर्ज गळ्यात मारायलाच, हे मारोतरावांना बँकांच्या फोननी पक्कं शिकवलं होतं. त्यांनी बाणेदारपणे ‘नो’ दाबलं. जन्मापासून चौथीपर्यंतचं आयुष्य साफ झालं.

श्रीधर तोवर कंपनीच्या कामानं हैदराबादला गेला होता. "दसऱ्याले आलो की दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी काढून देतो," तो फोनवर म्हणाला. "तोवर ‘येस’ दाबत जा."

पण मारोतरावांचा त्या प्रश्नावरचा विश्वासच उडाला होता. त्यांनी आपल्या अनुभवातून उपाय काढला. बंदच करायचं नाही, म्हणजे प्रश्नच येणार नाही.

"बॉयलर आम्ही रोज संध्याकाळी विझवत होतो का वं?" त्यांनी इंदुताईंना विचारलं.

तेव्हापासून त्या घराचं वीज केंद्र झालं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, म्हणजे लाइट गेली की तोही जाणार. म्हणून इन्व्हर्टर घेतला. इन्व्हर्टरवर भार नको म्हणून झोपायच्या खोलीतला पंखा त्यावरून काढला आणि लाइट गेली की इंदुताई ऑक्टोबरच्या उकाड्यात पदरानं वारा घेत बसू लागल्या. मिक्सर लावला की दिवा लुकलुकतो म्हणून चटणी पाट्यावर आली. झाडूचा धक्का वायरला लागेल म्हणून त्या खोलीत झाडणंही बंद झालं. इंदुताईंच्या भाचीच्या मुलाचं बारसं काटोलला होतं, तिथं त्या एकट्याच जाऊन आल्या. मशीन सोडून मारोतराव कसे जाणार?

दाराला त्यांनी पाटी लावली, ‘मशीन चालू आहे. हात लावू नये.’ आत ते एका बोटानं टाइप करत. डोळ्यांवर भरवसा नसल्यानं प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी मोठ्यानं म्हणत, लिहिताना म्हणत आणि लिहून झालं की पुन्हा वाचून बघत. इंदुताई स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकत असत. न ऐकून करतात काय? भिंत एकच होती.

पुस्तक संपत आलं आणि खंडेनवमी उजाडली. मारोतराव झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. गर्दी होती, वेळ लागला. परत आले तर खोलीत विलक्षण शांतता. लॅपटॉपचा छोटा पंखा घरघरत नव्हता. पाटावर विळा, कात्री, मिक्सर आणि स्कूटरची किल्ली मांडली होती. मधोमध लॅपटॉप बसला होता. त्याला हळदकुंकू लावलं होतं. अक्षता कीबोर्डच्या कळांच्या फटीत शिरल्या होत्या. उपसलेला पेनड्राइव्ह समोर विड्याच्या पानावर सुपारीशेजारी ठेवला होता.

"हे काय करून राहिली वं?" मारोतरावांनी दारातूनच विचारलं.

"पूजा. आजच्या दिवशी यंत्राले आराम द्या लागते. किती दिवसांपासून चालूच आहे बिचारं."

"बंद करतानी त्यानं काही विचारलं नाही?"

"विचारलं ना, इंग्रजीत. म्हटलं सणावाराचा वाद नको. बटण दाबून धरलं, तं आपोआप गप्प झालं."

मारोतराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते झेंडूची पिशवी घेऊन तसेच खुर्चीवर बसले. पुरणपोळीला त्यांनी हात लावला नाही. दसऱ्याला श्रीधर आला, कळांमधल्या अक्षता टाचणीनं काढल्या, पेनड्राइव्ह लावून बघितला आणि म्हणाला, "काका, मेमरीतलं गेलं की गेलं." सोनं द्यायला आलेल्या लोकांना मारोतराव आतूनच ‘हं’ म्हणाले. पंचाहत्तरीचं जेवण रद्द कर, असं त्यांनी इंदुताईंना सांगितलं. कोणाला बोलावलंच नव्हतं, तेव्हा रद्द काय करायचं हे त्या माउलीला कळेना. नवरा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

एका दुपारी त्या त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "उठा. मशीन लावा. मी सांगतो, तुम्ही लिहा."

"तू काय सांगशीन?"

इंदुताईंनी डोळे मिटले. "‘माझा जन्म एका साध्या पण स्वाभिमानी कुटुंबात झाला. मी लहानपणापासूनच हुशार होतो.’"

मारोतराव ताडकन उठून बसले. शब्द न् शब्द तोच होता. इंदुताई सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. शाळा आली, नोकरी आली, साहेबांनी पाठ थोपटली तो प्रसंग आला. कुठं अडखळणं नाही की गाळणं नाही. मारोतरावांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी चहासुद्धा मागितला.

चहा झाल्यावर इंदुताईंनी पुढं सुरुवात केली. "‘माझी आई अंथरुणाला खिळली. मी तिची रात्रंदिवस सेवा केली.’"

मारोतरावांचं बोट कळेवर थांबलं. स्वतः म्हणताना हे वाक्य त्यांना कधी खटकलं नव्हतं. इंदुताईंच्या तोंडून ते ऐकवेना. आईची सेवा त्यांनी केली नव्हती. ते ड्यूटीवर असत. तिला कुशीवर वळवायला, भरवायला, तिचं सारं धुवायला घरात एकच माणूस होतं.

"इंदू," ते खाली मान घालून म्हणाले, "आईचं तं सारं तूच करत होती."

"हाव."

"मंग तसं सांग ना. तू काय काय केलं, ते सांग. मी लिहितो."

इंदुताई गोंधळल्या. आपल्याला परीक्षेत पुस्तकाबाहेरचं विचारलं, असा त्यांचा चेहरा झाला.

"ते तुम्ही लिहिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "लिहिलं नाही ते मले कसं पाठ राहीन? लिहा पुढं. ‘त्यानंतर मी एकट्याने बेसा येथे घर बांधले.’"