फ्रेमबाहेर गेलेली आत्या

कोंडाजींच्या फोटोला दुकानातली फ्रेम लागणार नाही, हे रंगनाथने वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या कितीतरी आधी जाहीर करून टाकलं होतं. आधी घरात, मग भाजीच्या आडत्याकडे, आणि शेवटी ज्याला काही देणंघेणं नव्हतं त्या दूधवाल्यालाही. "साग आणलाय, मशीन आणलंय. बापाच्या फोटोला पोराच्या हातची चौकट. दुकानदाराने बघत राहावं, अशी करतो."

कोणी नको म्हटलं नाही. मखमलाबादच्या अंगाला मेथी, कोथिंबीर आणि शेवंती पिकवणारा हा सरळमार्गी माणूस. त्याला पन्नाशीच्या तोंडावर सुतारकामाचा नाद लागला होता. पत्त्यांच्या नादापेक्षा बरा, असं त्याची बायको सुवर्णा म्हणायची. तेव्हा तिला अजून पुढचं काही ठाऊक नव्हतं.

मशीन म्हणजे राऊटर. लाकडाच्या कडेला गोलाई द्यायची, खाच पाडायची, ते याच्यावर. त्याच्या तोंडाशी बसवलेलं पातं भिंगरीसारखं फिरतं. रुंद फळी असली की मशीन दोन्ही हातांत धरून तिच्या कडेने न्यायचं, डावीकडून उजवीकडे. हे रंगनाथने व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. पण फ्रेमची पट्टी असते दोन बोटं रुंद. तिच्यावर एवढं मशीन टेकवणार कुठे? म्हणून मग टेबल लागतं. मशीन टेबलाखाली उलटं टांगायचं, पातं भोकातून वर काढायचं, आणि पट्टी त्याच्यासमोरून सरकवायची. अशी टेबलं तयार मिळतात. रंगनाथला तयार नको होतं.

कोथिंबिरीचं एक पीक निघून दुसरं उगवेपर्यंत तो गोठ्याशेजारच्या शेडमध्ये टेबलच करत होता. वरची फळी जुन्या स्वयंपाकघराच्या सनमायका लावलेल्या दाराची, पाय फवारणीपंपाच्या लोखंडी घोडीचे. टेबल इतकं सपाट झालं, की मधोमध ठेवलेली काचेची गोटी जागची हलेना. न हलणाऱ्या त्या गोटीचा व्हिडिओ त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. बघणाऱ्यांना आधी वाटलं, मोबाइल अडकलाय.

पिंपळगाव बसवंतहून कुसाबाई आत्याचा आवाजी निरोप आला: "लय भारी केलंस रंगा. दादा असता तर गावभर सांगत फिरला असता." कुसाबाई ही कोंडाजींची एकुलती एक धाकटी बहीण. तिचं हे वाक्य रंगनाथने किती वेळा ऐकलं, ते विचारू नये.

फोटोही तिच्याच घरचा होता. कोंडाजी कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचे. आत्याच्या मुलाच्या लग्नात मात्र ते एकदा सापडले होते, आणि चक्क हसत होते. मध्ये कोंडाजी, त्यांच्या उजव्या हाताला आत्याचे यजमान गोटीराम मामा, डाव्या हाताला आत्या. रंगनाथची आई नवसाबाई म्हणाली, "हाच लावा. हसलेला दुसरा नाय त्यांचा." स्टुडिओत मोठा फोटो काढून घेतला, त्याच्या मापाने सागाच्या चार पट्ट्या कापल्या, सुवर्णाने टेबलाला हळदकुंकू वाहिलं, आणि रंगनाथने बटण दाबलं.

पट्टी हातातून हिसकली गेली. थरथरली, उडी मारली, आणि टोकाशी अशी कुरतडून निघाली की जणू कुत्र्याने हाड म्हणून चघळली असावी. रंगनाथने मशीन बंद केलं, पट्टी फिरवून फिरवून पाहिली. बाकीची ठीक होती. चांगला साग फेकून देणं त्याच्या जिवावर आलं. त्याने कुरतडलेलं टोक कापलं, बाकीच्या पट्ट्या त्याच मापाने आखूड केल्या, आणि स्टुडिओत जाऊन सांगितलं, "फोटो जरा लहान करून द्या."

"लहान केला तर चेहरे बारीक दिसतील," स्टुडिओवाला म्हणाला. "त्यापेक्षा कडेचं कापू का?"

कडेला गोटीराम मामा होते. ते कापले गेले.

मुलगी हर्षाली कॉलेजात जायची आणि घरचं सगळं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची. तिने 'आजोबांचा फोटो, फायनल' असं लिहून तोही टाकला. मामांनी स्वतः त्याखाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते तसे कशालाही हात जोडायचे.

पुढच्या रविवारी दुसरी पट्टी कुरतडली. पुन्हा टोक कापलं, पुन्हा सगळ्या आखूड, पुन्हा स्टुडिओ. या खेपेला आत्या अर्धी गेली; एक डोळा, अर्धी नथ आणि साडीचा काठ तेवढा राहिला. ते फार वाईट दिसतं, असं स्टुडिओवाल्यालाच वाटलं आणि तिसरी पट्टी कुरतडल्यावर त्याने न विचारता आत्याला पूर्ण काढलं. वर तो म्हणालाही, "काका, फोटो कापत बसण्यापेक्षा तुम्ही पट्टीच नवीन का नाही घेत?" रंगनाथ म्हणाला की सुतारकामातलं तुम्हाला कळायचं नाही.

हर्षालीने टाकलं: 'एकदम फायनल.'

आता याच सुमाराला सातबाऱ्यावर कोंडाजींच्या वारसांची नावं लावायचं काम चाललं होतं. रंगनाथचे आजोबा गेले तेव्हापासून त्या उताऱ्यावर कोंडाजींसोबत कुसाबाईचंही नाव होतं. तिने कधी काही मागितलं नव्हतं, आणि इकडून तिला कधी कोणी सही मागितली नव्हती. पण शहर बांधापर्यंत आलेलं, जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले, आणि घरोघरी बहिणींना गोड बोलून ऑफिसात नेऊन हक्कसोड करून घेणं चाललेलं. अशा दिवसांत फोटोतून आधी मामा गेले, मग अर्धी आत्या, मग उरलेली अर्धी. ग्रुपवरच्या कोणीतरी आत्याला फोन करून सांगितलं, "आधी फोटोतनं, मग सातबाऱ्यातनं. बघत राहा."

आत्या ग्रुपमधून बाहेर पडली. मग तिचा निरोप आला, की वर्षश्राद्धाला येणार नाही.

नवसाबाईने त्या दिवशी जेवणाचं ताट सरकवलं. "भावाच्या वर्षाला बहीण नाय, तर मग कोणासाठी करायचं? ती एकटीच राहिली त्यांच्या रक्ताची. तुला काय पाहिजे होतं रे तिच्याकडनं?"

"आई, मला काही नको होतं. पट्टी आखूड झाली."

"पट्टी आखूड झाली म्हणून आत्या कापली?" नवसाबाई म्हणाली. हे वाक्य असं सरळ समोर आल्यावर रंगनाथला स्वतःलाच ते पटेना.

तो पिंपळगावला गेला. आत्याने दारात उभं ठेवलं नाही, पण चहाही विचारला नाही. ओट्यावर बसून तिने ऐकून घेतलं: टेबल, पातं, हिसका, टोक. मग म्हणाली, "रंगा, ती गोटी हलत नव्हती ना?"

"नव्हती."

"येवढं झ्याक टेबल केलंस. सगळ्या दुनियेला दाखवलंस. आन चार काठ्या तुला जोडता येत नाय? मी काय खुळी हाय?"

एवढे दिवस रंगनाथने ज्या बढाया मारल्या, त्या सगळ्या आता त्याच्याविरुद्ध साक्षीला उभ्या राहिल्या होत्या. तो खाली मान घालून म्हणाला, "आत्या, मला खरंच येत नाही. ये आणि बघ. तुझ्यासमोर पट्टी घालतो. बिघडली नाही तर सांगशील तिथे उभा राहीन."

आत्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळीच आली. मागे गोटीराम मामा, टोपी सारखी करत. तिने पायांवर पाणी घेतलं नाही, घरात पाऊल टाकलं नाही, नवसाबाईने पुढे केलेला तांब्या घेतला नाही. "आधी दाखव," म्हणाली आणि शेडकडे निघाली. मामा बाहेर बाकड्यावर बसले. गुरुजी मांडणी करत होते. आलेले चार पाहुणे स्वयंपाकाच्या वासाकडे पाठ करून शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

नवा साग नव्हता. देव्हाऱ्यासाठी बाजूला ठेवलेली एक फळी होती. सुवर्णाने ती स्वतः काढून दिली. "घ्या. देव थांबतील, आत्या नाही थांबणार." फळीतून पहिल्या फोटोच्या मापाच्या चार पट्ट्या निघाल्या.

आत्या टेबलाच्या डाव्या बाजूला एक रिकामं क्रेट पालथं घालून त्यावर बसली होती. रंगनाथ रोज तिथेच उभा राहायचा.

"आत्या, जरा सरकतेस का? मी तिथून घालतो."

"मी आता कुठनंच सरकणार नाय," आत्या म्हणाली.

रंगनाथ मुकाट्याने उजव्या बाजूला गेला. बटण दाबलं, मनातल्या मनात वडिलांना हात जोडले, की दादा, आज एवढी पट्टी बिघडू द्या. आणि ती पुढे ढकलली.

पट्टी लोण्यातून जावी तशी गेली. ना थरथर, ना हिसका. पलीकडून बाहेर आली ती गुळगुळीत, कडेला अशी गोलाई की दुकानदाराने खरंच बघत राहावं.

"हे येत नव्हतं तुला?" आत्याने विचारलं.

"थांब. ही चुकून झाली."

दुसरी पट्टी त्याने मुद्दाम ढिली धरली. ती पहिलीपेक्षा चांगली झाली. तिसरी घालताना तो दुसरीकडेच बघत होता, सुवर्णाकडे, आणि तिने डोळे मिटून घेतले होते. तिसरीही निर्दोष निघाली. इतके रविवार ज्या कामासाठी त्याने हात भाजून घेतले, ते काम त्या सकाळी त्याच्या मागे लागल्यासारखं होत होतं.

आत्या उठली. तिचा चेहरा अगदी शांत होता. "झालं माझं बघून. चला हो," तिने बाहेर मामांना हाक मारली.

त्या क्षणी रंगनाथला कळलं. ती उठली, तिची जागा रिकामी झाली, आणि त्याला दिसलं की आज तो टेबलाच्या दुसऱ्याच बाजूला उभा आहे. हातात धरून चालवायचं मशीन आपण उलटं टांगलं. मशीन उलटं झालं, तर पात्याचं फिरणंही उलटं झालं. म्हणजे पट्टी उजवीकडून घालायची असते, आणि आपण आजवर डावीकडून घालत आलो.

"आत्या, मी उलट्या बाजूने घालत होतो गं," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तू तिथे बसलीस म्हणून इकडून घालावी लागली. म्हणून सरळ झाली."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "मग आता इथनं घाल. तुझ्या बाजूनं."

शेवटची पट्टी उरली होती. रंगनाथने दारातल्या पाहुण्यांना बाजूला व्हायला सांगितलं, आत्याला आपल्या मागे घेतलं, आणि डावीकडून पट्टी पुढे केली. तिचं टोक पात्याला लागलं मात्र, ती हातातून सुटली, टेबलावर आपटली आणि मोकळ्या दारातून बाहेर गेली. अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने गोटीराम मामा आत आले. डोक्यावर टोपी नव्हती. एका हातात टोपी होती, दुसऱ्या हातात कुरतडलेली पट्टी.

"ही तुमची हाय का?" त्यांनी विचारलं.

आत्याने पट्टी घेतली. कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. "तुझ्या मनात काय नाय रे रंगा," ती म्हणाली. "हातातच काय नाय." आणि ती क्रेटवर पुन्हा बसली ती रडायलाच. "मला वाटलं, दादा गेला, आता हे घर बी गेलं माझं. जमीन कोणाला पाहिजे? मला यायला दार पाहिजे."

नवसाबाईने तिला उठवलं. दोघी बायका तशाच एकमेकींना धरून घरात गेल्या, आणि जाताना आत्याने उंबऱ्याशी थांबून पायांवर पाणी घेतलं.

गुरुजींना घाई होती. पहिला, न कापलेला मोठा फोटो कपाटात होता, तो काढला. तीन पट्ट्या जोडल्या. चौथीपाशी रंगनाथ अडला. साग संपला होता. सुवर्णा म्हणाली, "दुकानातली एक आणू का पळत?"

"कशाला?" आत्या आतून म्हणाली. "तीच लाव की. माझ्या बाजूला लाव."

तशीच लावली. कोंडाजी मध्ये हसताहेत, एका हाताला मामा, दुसऱ्या हाताला आत्या. आणि आत्याच्या बाजूची चौकट उंदराने खाल्ल्यासारखी. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी तिथेच बघतो आणि विचारतो. आत्या आता वरचेवर येते, आणि असली तर सांगायचं काम तीच करते. तिच्या सांगण्यात ती पट्टी दर खेपेला थोडी लांब जाते. परवा ती रस्ता ओलांडून समोरच्यांच्या कोबीत पडली होती. मामा शेजारी बसून मान हलवतात. रंगनाथ पाहुण्यांना चहा देतो.

उरलेल्या तीन बाजू सुतात सरळ आहेत. त्यांच्याबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही.