तन्वीरचं पडणं

तन्वीर रोज संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून घरी यायचा आणि पडायचा. कसबा पेठेतल्या त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बायकोने, जोयाने, सोफा भिंतीला सरकवून त्याला पडायला जागा करून दिली होती. तो एका नाटकाची तालीम करत होता आणि त्यात एकही शब्द नव्हता. सगळं अंगानेच बोलायचं होतं आणि त्याच्या वाट्याला सारखं पडणं आलं होतं.

शिकवणाऱ्या भाग्यश्रीताईंचं पडणं मात्र बघत राहावं असं होतं. साठीला आलेली बाई, पण उभ्याच्या उभ्या खाली यायच्या. आधी पोटरी टेकायची, मग मांडी, मग कुल्ला, मग पाठ, आणि दोरीवरची साडी घसरावी तसा आवाजच नाही. तन्वीर त्यांच्यावर फिदा होता. पण ताईंनी बजावलं होतं, "रविवारी बघणार. आवाज आला तर तुझी भूमिका समर्थ करेल."

तन्वीर पडला की घर हादरायचं. खाली पहिल्या मजल्यावर यमुनाबाई एकट्या राहायच्या, निवृत्त शिक्षिका. पहिल्याच दिवशी त्या जिना चढून आल्या.

"आपण रोज पडणार आहात का? तसं असेल तर वेळ कळवा, मी देवळात जाऊन बसेन."

त्याने मनापासून माफी मागितली, सतरंजी अंथरली आणि पुन्हा पडला. खालून छतावर काठी वाजली. पुढे ती काठीच त्याची परीक्षक झाली. वाईट पडला की दणका, बरा पडला की नुसती टकटक.

शनिवारी जोया भाजीला गेली होती. तन्वीर पडला, काठी वाजली नाही. पुन्हा पडला, तरी नाही. त्याला आनंदाने भरून आलं. पडल्यावर श्वाससुद्धा दिसता कामा नये, या ताईंच्या शिकवणीप्रमाणे तो डोळे मिटून तसाच पडून राहिला.

इकडे खाली यमुनाबाईंचा जीव टांगणीला लागला. वर पावलं वाजली होती आणि मग एकदम सगळं चिडीचूप. त्यांनी शेजारच्या संतोषला हाक मारली. संतोषने जिन्यातूनच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत तन्वीर निपचित.

"मीच ठोकून ठोकून जीव घेतला याचा," म्हणत यमुनाबाई रडायला लागल्या. संतोषने स्वयंपाकघरातला तांब्या उचलून तन्वीरच्या तोंडावर रिकामा केला.

तन्वीर ताडकन उठून बसला. "काकू, आवाज आला नाही?"

"आला असता तर मी कशाला आले असते?"

ॲम्ब्युलन्स परत पाठवताना संतोषला जे ऐकून घ्यावं लागलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

रविवारी भूमिका तन्वीरला मिळाली. "ऐकू आलं नाही," एवढंच ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यावर तो दिवसभर हवेत होता.

सोमवारी संध्याकाळी यमुनाबाई पदर खोचून दारात उभ्या. तन्वीरने घाईघाईने सांगितलं की तो आज अजून पडलेलाच नाही.

"माहीत आहे," त्या खाली बघत म्हणाल्या. "मला हल्ली न्हाणीघरात जायचीसुद्धा भीती वाटते रे. या वयात पडलं की माणूस पुन्हा उठत नाही. मला शिकवशील पडायला?"

तन्वीर दारातून बाजूला झाला. एवढी करारी बाई आणि मनात केवढी भीती घेऊन राहत होती. उद्यापासून मीच खाली येत जाईन, तुम्ही जिना चढू नका, असं तो म्हणाला.

"छे, इथेच," यमुनाबाईंनी चपला काढल्या. "माझ्या खालची माणसं फार कटकटी आहेत."