चौथी तकलीफ

आमच्या जवळा बाजार गावात समुद्र पाहिलेली माणसं थोडीच. तरी गफ्फारचाचा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मोबाइलवर समुद्राची खबर घेतात आणि शेजारधर्म म्हणून मलाही देतात. "मास्तर, आज दर्यात वारं लई हाय बरं का!" त्या वाऱ्याचं मी काय करावं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

चाचा डिझेल इंजिनांचे मिस्त्री. इंजिन घेऊन येणारा प्रत्येकजण डिझेलच्या भावावर घसरतोच. "समुद्रात एवढं तेल हाय, तर काहून काढत न्हाईत?" असं कुणी म्हटलं, की चाचा पाना खाली ठेवतात. इंजिन राहतं बाजूला.

"चार तकलीफी हायेत," ते काळंकुट्ट बोट दुमडतात. "एक, दर्या. तुज्या वावरात बोअर कोरडा जातो, मग तिथं तर वरून अख्खा दर्या! दोन, मशिनी. त्या बाहेरदेशातून येईपर्यंत वाट पाहा. तीन, कारखाना. तेल निघालं तरी साफ कुठं करशील? देतो का तुजं वावर?"

गिऱ्हाईक विचारतं, "अन् चौथी?"

"मागून सांगतो." पाना पुन्हा हातात.

चौथी त्यांना सुचलेलीच नाही, अशी माझी खात्री होती. मी चिडवायचोही.

गेल्या शुक्रवारी चाचा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. "आज वारं न्हाई, मास्तर!" दुपारी पेपरात समुद्रात नव्या विहिरी खोदणार असल्याची बातमी वाचली आणि मी ती घेऊन धावलो. वाटलं, खूश होतील.

चाचांनी नुकताच फोन ठेवला होता. आतून बिर्याणीचा वास येत होता. चाची दारात आल्या. "निघाला का आसिफ?"

आसिफ त्यांचा एकुलता एक. समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला.

"न्हाई. बदलीचा माणूसच न्हाई म्हणे. अजून पंधरा दिवस."

चाची आत गेल्या. चाचांनी माझ्या हातातल्या पेपरावर नजर टाकली.

"ही चौथी, मास्तर. जाणती माणसं कमी. विहिरी वाढवून राहिले, पोरं तीच. वारं असलं की त्यांना आणणारं हेलिकॉप्टर उडत न्हाई, म्हणून रोज वारं पाहतो. आज तर वारं बी नव्हतं."

मला माझ्या चिडवण्याची लाज वाटली.

तेवढ्यात एकजण इंजिन घेऊन आला. डिझेलवर घसरला. चाचांनी पाना ठेवला, तीन बोटं दुमडली.

"अन् चौथी?" त्यानं विचारलं.

चाचांनी पाना पुन्हा उचलला. मग मीच म्हणालो, "मागून सांगतील."