काल्पनिक सामन्यासाठी राखीव

क्रीडा कार्यालयाचं नवं मुष्टियुद्ध सभागृह बांधून, रंगवून, झाडूनपुसून तयार झालं, त्याला चार महिने होऊन गेले होते आणि ते अजून बंद होतं. कारण साधं होतं. सभागृहाला नाव नव्हतं. सरावाच्या वेळा ज्या नोंदवहीत लिहायच्या, तिच्यातला पहिलाच रकाना 'सभागृहाचे नाव' असा होता, आणि एक रकाना कोरा ठेवून पुढचा भरणं नियमात बसत नव्हतं. नाव नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून सराव नाही. हे समजायला फार बुद्धी लागत नाही. कमी असली तर उलट लवकर समजतं.

सभागृहाची किल्ली भांडारपालांच्या कमरेला असे. कार्यालयातले चेंडू, जाळ्या, दोरखंड आणि शिट्ट्या सांभाळणं हे त्यांचं काम. सव्वीस वर्षांत त्यांच्या भांडारातून एक शिट्टी इकडची तिकडे झाली नव्हती. त्यांची भाची त्यांच्याच घरी राहायची. पोरगी मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनाच्या गटात लढायची, आणि दोन महिन्यांवर तिची निवड चाचणी येऊन ठेपली होती. गावात रिंगण एकच, आणि ते मामाच्या किल्लीमागे.

"मामा, अर्धा तास उघड ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," मामा म्हणाले. "जरा दम धर. आज ना उद्या नाव पडतंच."

नाव कुणाचं द्यायचं याबद्दलही नियम होता. त्या खेळातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूचं. पंचाईत एवढीच, की मुष्टियुद्धात सर्वश्रेष्ठ दोन होते, दोघंही मिडलवेटचे. पहिल्याला सगळे हातोडा म्हणत. त्याचा उजवा ठोसा बसला की समोरच्याला दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचूनच निकाल कळायचा. त्याच्यानंतर पंधरा वर्षांनी आला सावली. त्याला ठोसा मारायला गेलेला माणूस हवेशीच मारामारी करून दमायचा. दोघंही आपापल्या काळात अजिंक्य होते, आणि दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्क सहज म्हणाले, "त्यात काय ठरवायचंय? हातोडाच. चौथ्या फेरीत सावली आडवा."

भांडारपालांचा घास हातातच राहिला. मामा तसे गरीब स्वभावाचे. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच माफी मागणारे. पण सावली हे त्यांचं दुखणं होतं. "आडवा? अहो, आडवा करायला आधी हात तर लागायला हवा! हातोड्याला सावली दिसला तरी असता का?"

त्या दिवशी सगळ्यांचे डबे तसेच परत गेले. आरडाओरडा ऐकून संचालक खोलीबाहेर आले. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि ज्या वाक्याने जगातली निम्मी संकटं सुरू होतात ते वाक्य उच्चारलं.

"आपण समिती नेमू."

समितीत संचालक, हेडक्लार्क आणि कार्यालयाचे डॉक्टर. शिवाय भांडारपाल, कारण दोघांनाही प्रत्यक्ष लढताना पाहिलेला कार्यालयात तेवढा एकच माणूस होता. हातोड्याला त्यांनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. निर्णय एकमताने व्हावा असं पहिल्याच बैठकीत एकमताने ठरलं. समितीचं एकमत झालेला तो पहिला आणि शेवटचा मुद्दा.

दुसऱ्या बैठकीत वजनं निघाली. सावली हयात होता आणि आता ब्याण्णव किलो भरत होता. हातोड्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या वजनापुढे डॉक्टरांनी 'निरंक' लिहिलं.

"सावली गटाबाहेर गेला," हेडक्लार्क टाळी देत म्हणाले. "हातोडा न लढता विजयी!"

"निरंक वजनाचा माणूस तरी कुठल्या गटात बसतो?" भांडारपालांनी विचारलं.

हा मुद्दा बिनतोड असल्यामुळे त्यावर तीन आठवडे गेले. शेवटी दोघांचीही वजनं तरुणपणीची धरावीत असं ठरलं. मग डॉक्टरांनी विचारलं, की सामना काल्पनिक असला तरी तो कुठे तरी व्हायला हवा, तर कुठे? जागेशिवाय सामना ही कल्पनाच करता येत नाही. सगळ्यांनी भांडारपालांच्या कमरेकडे पाहिलं. नाव नसलेल्या सभागृहात सराव होऊ शकत नव्हता, पण सामन्यांची नोंदवही वेगळी होती आणि तिच्यात नावाचा रकाना नव्हता. निकाल लागेपर्यंत सभागृह राखून ठेवण्यात आलं. रिंगणाचे दोर ताणले गेले. दोन कोपऱ्यांत दोन स्टुलं आणि दोन बादल्या ठेवल्या गेल्या. बादल्यांतलं पाणी भांडारपाल रोज सकाळी बदलत. दारावर पाटीही त्यांनीच लावली: 'काल्पनिक सामन्यासाठी राखीव. आत कोणीही जाऊ नये.' पाटी जरा तिरकी वाटली म्हणून त्यांनी ती काढून पुन्हा लावली.

भाचीने पाटी वाचली. "मामा, आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग मी जाऊ?"

"कशी जाशील? रिंगण अडलंय ना!" मामा म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांना जिना उतरेपर्यंत कळलं नाही. कळल्यावर वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तेवढ्यात त्यांना सावलीच्या डाव्या पायाच्या चालीबद्दल एक नवा मुद्दा सुचला.

पोरगी कार्यालयाच्या जिन्याच्या चौकात सराव करू लागली. चार पावलं पुढे भिंत, चार पावलं मागे कठडा. साक्षीसाठी बोलावलेला सावली जिना चढताना तिथेच थबकला. पोट सुटलेला, गुडघा धरून चालणारा म्हातारा. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. "मार पोरी. खांदा पाडू नकोस. हां, असं. आणि ते रिंगण कशाला बंद ठेवलंय?"

"तुमचा सामना चाललाय तिथे, आजोबा."

सावलीने समितीपुढे दोन मिनिटांत साक्ष दिली. "मी हरलो असतो," तो म्हणाला. "हातोड्याला मी लहानपणी वाळूच्या पोत्यावर ठोसे मारताना पाहिलंय. पोतं फाटलं होतं. माझ्याने त्याच्यासमोर उभंसुद्धा राहवलं नसतं. झालं समाधान? उघडा आता ते दार."

समितीने त्याचे आभार मानले आणि तो सामन्यातला एक पक्ष असल्यामुळे त्याची साक्ष बाद केली. भांडारपालांनी वेगळं टिपण जोडलं, की हा विनय आहे, आणि विनय हा पुरावा होऊ शकत नाही.

पण सावली रोज जिन्यात येऊ लागला. पोरगी सुधारत होती, हसत होती. आठवड्याभरात हेडक्लार्कांनी लेखी हरकत घेतली: सामना प्रलंबित असताना एक स्पर्धक कार्यालयाच्या आवारात उघडउघड सराव करीत आहे, दुसऱ्या स्पर्धकाला अपरिहार्य कारणास्तव तशी सोय नाही, सबब हा अन्याय आहे. हरकत रास्त होती. सावलीला आवारात येण्याची बंदी झाली. नोटीस पोचवायला भांडारपालच गेले, कारण त्या निमित्ताने त्यांना त्याची सही मिळणार होती.

चाचणी शुक्रवारी जिल्ह्याच्या गावी होती. गुरुवारी सकाळी शेवटची बैठक भरली. संचालक, हेडक्लार्क आणि डॉक्टर, तिघंही हातोड्यावर येऊन थांबले होते. पटलं होतं म्हणून नव्हे, कंटाळले होते म्हणून. दाराबाहेर भाची पिशवी घेऊन उभी होती. फाटकापलीकडे सावली उभा होता.

"भांडारपाल, तुमची सही झाली की दहा मिनिटांत सभागृह उघडतो," संचालक म्हणाले. "पोरीला आजचा अख्खा दिवस मिळेल. निदान एक दिवस तरी."

भांडारपालांनी पेन उचललं. दारातून भाची दिसत होती. तिने नुसते हात जोडले. कागदावर लिहिलं होतं, 'हातोडा, चौथ्या फेरीत.' एक सही, एवढंच होतं. कागदावर सावली हरला म्हणून खरा सावली थोडाच पडणार होता? तो तर स्वतःच हरायला तयार होता.

"चौथ्या फेरीत?" भांडारपाल म्हणाले. "साहेब, बारावी म्हणा. निदान नववी तरी."

"चौथी," हेडक्लार्क म्हणाले.

भांडारपालांनी पेन खाली ठेवलं. समिती बरखास्त झाली आणि फेरविचार समिती नेमली गेली.

शुक्रवारी संध्याकाळी भाची घरी आली तेव्हा तिची डावी भुवई सुजली होती. मामा टेबलाशी कागद पसरून बसले होते. "बरं झालं आलीस! तू आत्ता रिंगणातून आलीयेस, तूच सांग. समोरचा सारखा बाजूला सरकत राहिला, तर चौथ्या फेरीपर्यंत हातोड्याचा दम..."

"मामा," ती म्हणाली, "आज माझी लढत होती."

मामांनी कागद गोळा केले. मान वर करायची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी जे विचारायचं ते विचारलं, आणि तिने एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य कार्यालयाच्या निकालवहीत स्वच्छ अक्षरात नोंदलेलं आहे. वही कोणालाही पाहता येते.

सभागृह अजून बंद आहे. बादल्यांतलं पाणी रोज बदललं जातं. कार्यालयात चौकशीसाठी लोक मात्र सारखे येतात. शिक्षक येतात, न्हावी येतात, निवृत्त माणसं येतात, आणि सगळे एकच विचारतात, की शेवटी कोण जिंकलं, हातोडा की सावली? निकालवही अजून कुणी मागितलेली नाही. तुम्हीसुद्धा इतका वेळ मनातल्या मनात दोघांपैकी एकाला जिंकवत बसला होतात. कुणाला, ते फेरविचार समितीला लेखी कळवा. तिथे एक जागा रिकामी आहे.