धावपट्टीवरचे रोही

चंद्रभानजींचा हरभरा घाट्यावर आला आणि रोह्यांना, म्हणजे नीलगाईंना, खबर लागली. शेत नव्या विमानतळाच्या कुंपणाला लागून. फटाके फोडून झाले, जुन्या साड्या बांधून झाल्या, रोही बधेनात. शेवटी त्यांनी दर्यापूरच्या बाजारातून हिरवा लेझर आणला. दिवेलागणीला तो फिरवला, की कळप शेपट्या वर करून पळे. वर्षाचं पीक वाचलं म्हणून त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी लेझरला हळदकुंकू वाहिलं.

आठव्या दिवशी ठाणेदार आले.

"लेझर तुमचा?"

"हो जी. रोह्याइसाठी हाय."

"पायलटच्या डोयात गेला तं? त्याले धावपट्टी दिसत नाई. शंभर लोकाइचा जीव हाय त्याच्या डोयावर! या भागात लेझर बंद."

चंद्रभानजी चरकले. माणूस मनाचा फार भला. त्यांनी लगेच हमीपत्रावर सही केली. लेझर मात्र घरीच राहिला, कारण ठाण्यातले जप्तीचे फॉर्म संपले होते.

रोह्यांना बंदी त्याच संध्याकाळी कळली. तीन दिवसांत निम्मा हरभरा साफ झाला. चौथ्या दिवशी पोट भरल्यावर सगळा कळप कुंपणाच्या खिंडारातून आत गेला आणि धावपट्टीवर रवंथ करत बसला. नेमकं तेव्हाच मंत्रिमहोदयांचं विमान आलं. भोंगे वाजले, जीप फिरली. रोही ढिम्म.

ठाणेदार धापा टाकत चंद्रभानजींच्या दारात आले. "लेझर घ्या, चाला लवकर! मंत्रीसाहेबाचं इमान वरतं फिरून राहिलं!"

"वरतं हाय न? मंग नाई जमत."

"अहो, मी परवानगी देतो!"

"परवानगी तुमी द्यान. पायलटचे डोये कोन देईन?"

 शेवटी ठाणेदारांनी कौशल्याबाईंची पितळी थाळी मागून घेतली आणि सगळं ठाणं धावपट्टीवर नेलं. थाळ्या बडवत, बूट फेकत पोलीस धावले. रोही आळस देत उठले आणि आले तसे खिंडारातून निघून गेले.

विमान उतरलं. मंत्र्यांनी पायलटचे डोळे आणि धावपट्टी, दोन्ही राखल्याबद्दल ठाणेदारांना जागच्या जागी हार घातला. कुंपणापाशी उभ्या चंद्रभानजींचा ऊर भरून आला. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून कौशल्याबाईंची आरोळी आली, "अवो, टाया कायच्या पिटून राहिले? सारे रोही आपल्या चन्यात हाकलले त्याइनं!"